विश्लेषण : विमान कंपन्या एकत्र आल्या की वैमानिकांच्या नोकऱ्यांचे काय होते?

१२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा ही विमान कंपनी एअर इंडियात विलीन झाली. प्रवाशांसाठी तिकिटावरचे नाव आणि उड्डाण क्रमांक बदलला, इतकेच. वैमानिकांपुढे मात्र अशा वेळी दोन प्रश्न असतात. उद्यापासून कोणते विमान उडवायचे? आणि दोन्ही कंपन्यांच्या एकत्रित ज्येष्ठता यादीत आपला क्रमांक कितवा? विलीनीकरणामुळे वैमानिकाला थेट घरी पाठवले गेले, असे सहसा घडत नाही. पण ताफ्यातून एखाद्या प्रकारची विमाने काढली किंवा नवी आणली, तर त्याची बढती, पगार आणि राहण्याचे शहर यांवर पुढची अनेक वर्षे परिणाम होतो. तो कसा होतो आणि भारतात व अमेरिकेत यापूर्वी काय घडले, याचा हा आढावा.

वैमानिकाचे काम एका विशिष्ट विमानाशी बांधलेले का असते?

मोटारीचा परवाना असलेला माणूस कोणत्याही कंपनीची गाडी चालवू शकतो. प्रवासी विमानांचे तसे नाही. व्यावसायिक परवान्याखेरीज प्रत्येक विमान प्रकारासाठी वेगळी पात्रता मिळवावी लागते. तिला टाइप रेटिंग म्हणतात. एअरबसच्या ए३१९, ए३२० आणि ए३२१ या विमानांसाठी एकच टाइप रेटिंग चालते, कारण त्यांचे कॉकपिट जवळपास सारखे आहे. बोईंग ७३७ साठी मात्र वेगळे रेटिंग लागते. एअरबसमध्ये वैमानिकाच्या बाजूला छोटी साइडस्टिक असते, तर ७३७ मध्ये समोर पारंपरिक कंट्रोल कॉलम असतो. दोन्ही विमानांतील संगणकप्रणाली आणि आणीबाणीच्या कार्यपद्धतीही निराळ्या आहेत.

एका प्रकारावरून दुसऱ्यावर जायचे तर वर्गातील शिक्षण, सिम्युलेटरवरील सराव आणि त्यानंतर प्रशिक्षक कॅप्टनसोबत प्रत्यक्ष उड्डाणे असे टप्पे पार करावे लागतात. सगळे सुरळीत झाले तरी त्यात साधारण दोन ते तीन महिने जातात. या काळात तो वैमानिक कंपनीच्या नेहमीच्या उड्डाणांसाठी उपलब्ध नसतो. शिवाय मिळालेली पात्रता टिकवावीही लागते. ठरावीक मुदतीत सिम्युलेटरवर परीक्षा द्यावी लागते आणि मागील ९० दिवसांत किमान तीन उड्डाणे व तीन अवतरणे केलेली असावी लागतात. म्हणूनच बहुतेक कंपन्यांमध्ये वैमानिक एका वेळी एकाच प्रकारचे विमान उडवतो.

एका विमानामागे किती वैमानिक लागतात?

विमान दिवसात अनेक तास हवेत असते. वैमानिकाच्या कामाच्या तासांवर मात्र नियमांची मर्यादा असते आणि विश्रांती सक्तीची असते. त्यामुळे ए३२० किंवा ७३७ सारख्या एकाच मार्गिकेच्या एका विमानामागे ढोबळमानाने १० ते १४ वैमानिक लागतात. बोईंग ७७७ किंवा ए३५० सारख्या लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानामागे ही संख्या २० ते ३० पर्यंत जाते, कारण मुंबई किंवा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या विमानात आळीपाळीने विश्रांती घेण्यासाठी चार वैमानिक ठेवावे लागतात.

विलीनीकरणानंतर ‘ताफा १० विमानांनी कमी होणार’ अशी बातमी आली, तर ती १० विमाने कोणती, हे म्हणूनच पाहावे लागते. १० ए३२० कमी झाल्यास सव्वाशेच्या आसपास वैमानिकांचे काम कमी होते. १० मोठी विमाने गेल्यास हाच आकडा अडीचशेच्या घरात जातो, आणि त्यांतील निम्मे कॅप्टन असतात.

विलीनीकरणानंतर ताफा बदलतोच का?

दोन कंपन्या एकत्र येताना खर्चातील बचत हे मोठे उद्दिष्ट असते. विमानांचे प्रकार जितके जास्त, तितके सुटे भाग, अभियंते, सिम्युलेटर आणि राखीव वैमानिक जास्त लागतात. ए३२० चा वैमानिक आजारी पडला, तर ७३७ चा वैमानिक मोकळा असूनही त्याच्या जागी बसू शकत नाही. ताफ्यात एकच प्रकार असेल, तर ही अडचण येत नाही. त्यामुळे जुनी, भाड्याचा करार संपत आलेली किंवा संख्येने थोडी असलेली विमाने आधी काढली जातात. दोन्ही कंपन्या एकाच मार्गावर जवळपास एकाच वेळी उड्डाण करत असतील, तर त्यांतील एक फेरीही कमी होते.

एक विमान प्रकार निवृत्त झाला की त्याचे परिणाम पायरीपायरीने खाली येतात. समजा, एका कंपनीने मोठी विमाने काढून टाकली. त्यांवरील ज्येष्ठ कॅप्टन लहान विमानाच्या कॅप्टनपदी येतात. त्या जागांवरचे कनिष्ठ कॅप्टन पुन्हा सहवैमानिकाच्या आसनावर जातात. सहवैमानिकांपैकी शेवटच्या क्रमांकावरचे अतिरिक्त ठरतात. निर्णय मोठ्या विमानांबद्दलचा असतो, पण नोकरी जाते ती त्या विमानात कधीच न बसलेल्या तरुण सहवैमानिकाची. प्रत्येक पायरीवर पुन्हा प्रशिक्षण द्यावे लागते, तो खर्च वेगळाच.

ज्येष्ठता यादीला इतके महत्त्व का?

एका बँकेतील अनुभवी व्यवस्थापक दुसऱ्या बँकेत जास्त पगारावर आणि वरच्या पदावर जाऊ शकतो. वैमानिकांच्या बाबतीत, विशेषतः अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांमध्ये, कंपनी बदलली की तो यादीत सर्वांत खाली जातो, मग त्याला २० वर्षांचा अनुभव का असेना. कोणते विमान मिळणार, कॅप्टन कधी होणार, कोणत्या शहरातून उड्डाणे करायची, दिवाळीत सुट्टी मिळणार की नाही, हे सारे यादीतील क्रमांकावर ठरते. कपात झाली तर ती तळापासून होते. भारतीय कंपन्यांत ज्येष्ठतेचे नियम इतके काटेकोर नसतात आणि अनुभवी कॅप्टनला दुसरी कंपनी थेट कॅप्टन म्हणूनही घेते. पण कंपनीअंतर्गत बढती आणि मोठ्या विमानावरील संधी यांसाठी येथेही क्रमांक महत्त्वाचाच असतो.

दोन याद्या एकत्र करण्याचे प्रमुख मार्ग तीन. नोकरीला लागल्याच्या तारखेनुसार सर्वांना एका रांगेत लावणे, हा पहिला. दोन्ही याद्यांतील नावे ठरावीक प्रमाणात आलटून पालटून घेणे, हा दुसरा. तिसऱ्या मार्गात विकत घेतलेल्या कंपनीच्या वैमानिकांना सरसकट शेवटी टाकले जाते. यांपैकी कोणताही मार्ग निवडला तरी कोणीतरी नाराज होते. जुन्या कंपनीत जुने कर्मचारी जास्त असतात, त्यांना तारीख सोयीची वाटते. वेगाने वाढणाऱ्या तरुण कंपनीतील कॅप्टनला प्रमाणाची पद्धत सोयीची वाटते.

ड्रीमलायनर कोणाचे? : एअर इंडियातील ५८ दिवसांचा संप

भारतातील सर्वांत बोलके उदाहरण एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचे आहे. २००७ मध्ये या दोन सरकारी कंपन्या एकत्र करण्यात आल्या. एअर इंडिया प्रामुख्याने परदेशी मार्गांवर बोईंगची मोठी विमाने उडवत असे. इंडियन एअरलाइन्सकडे देशांतर्गत मार्ग आणि एअरबसची विमाने होती. विलीनीकरणाआधीच दोघींनी मिळून १११ नव्या विमानांची मागणी नोंदवली होती. एअर इंडियाची ६८ विमाने बोईंगची, तर इंडियन एअरलाइन्सची ४३ एअरबसची. एअर इंडियाच्या मागणीत २७ बोईंग ७८७ ड्रीमलायनर होती.

कंपनी कागदावर एक झाली, पण वेतनश्रेणी, बढतीचे नियम आणि वैमानिकांच्या संघटना वेगळ्याच राहिल्या. २०११ मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी सुमारे १० दिवस संप केला. त्यानंतर वाद आला तो ड्रीमलायनरवर. ही विमाने आपल्या कंपनीने मागवली, तेव्हा त्यांवरील प्रशिक्षणाचा पहिला हक्क आपला, असे मूळ एअर इंडियाच्या वैमानिकांचे म्हणणे होते. त्यांच्या बाजूला कॅप्टनपद मिळायला आधीच जास्त वर्षे लागत होती. नव्या विमानांवर दुसऱ्या बाजूचे वैमानिक आले, तर ही प्रतीक्षा आणखी लांबेल, ही भीती त्यामागे होती. कंपनी एक झाली असेल तर विमानेही सर्वांची, असा इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांचा युक्तिवाद होता.

मे २०१२ मध्ये इंडियन पायलट्स गिल्ड या संघटनेच्या वैमानिकांनी काम थांबवले. हा संप ५८ दिवस चालला आणि जुलैच्या सुरुवातीला संपला. त्या काळात परदेशी उड्डाणे मोठ्या प्रमाणावर रद्द झाली आणि अनेक वैमानिकांना बडतर्फीला सामोरे जावे लागले. विशेष म्हणजे वादाला कारण ठरलेले पहिले ड्रीमलायनर भारतात आले ते संप संपल्यानंतर, सप्टेंबर २०१२ मध्ये. कर्मचाऱ्यांच्या एकत्रीकरणासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली गेली होती आणि तिने २०१२ च्या सुरुवातीला अहवाल दिला होता. म्हणजे विलीनीकरण २००७ चे, आणि सामायिक नियमांचा आराखडा त्यानंतर जवळपास पाच वर्षांनी आला. या मधल्या काळातच ताफा बदलत होता आणि वाद वाढत होता.

अमेरिकेतील दोन धडे

जानेवारी २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने दिवाळखोरीत निघालेली टीडब्ल्यूए ही कंपनी विकत घेण्याचे जाहीर केले आणि एप्रिलमध्ये व्यवहार पूर्ण झाला. टीडब्ल्यूएकडे सुमारे २,३०० वैमानिक होते. त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांना एकत्रित यादीच्या तळाशी ठेवण्यात आले. कागदावर नोकरी शाबूत होती. पण त्याच वर्षी ११ सप्टेंबरचा दहशतवादी हल्ला झाला आणि हवाई प्रवास घटला. टीडब्ल्यूएकडून आलेली बोईंग ७१७ विमाने अमेरिकन एअरलाइन्सने थोड्याच काळात ताफ्यातून काढली आणि २००३ मध्ये सेंट लुईस येथील उड्डाणांचे केंद्रही मोठ्या प्रमाणात आटोपते घेतले. कपात तळापासून होत असल्यामुळे तिचा सर्वाधिक फटका टीडब्ल्यूएच्या वैमानिकांना बसला. या अनुभवातून २००७ मध्ये अमेरिकेत मॅककॅस्किल-बाँड कायदा झाला. विलीनीकरणात ज्येष्ठता याद्या न्याय्य पद्धतीने एकत्र कराव्यात आणि एकमत झाले नाही तर लवादाकडे जावे, असे बंधन त्याने घातले.

दुसरे उदाहरण यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट यांचे. त्यांचे विलीनीकरण २००५ मध्ये झाले. जॉर्ज निकोलाऊ यांच्या लवादाने २००७ मध्ये यादी ठरवली. मोठी ए३३० विमाने फक्त यूएस एअरवेजकडे होती, म्हणून यादीतील पहिल्या काहीशे जागा त्यांच्या ज्येष्ठ वैमानिकांना मिळाल्या. पण यूएस एअरवेजचे जे वैमानिक तेव्हा सक्तीच्या रजेवर होते, ते तळाशी गेले. परिणामी अनेक वर्षे सेवा झालेल्या वैमानिकाच्या वर अमेरिका वेस्टमधील अगदी नवा वैमानिक आला. यूएस एअरवेजच्या वैमानिकांनी हा निर्णय मानला नाही. त्यांनी २००८ मध्ये आपली संघटनाच बदलली. दोन्ही गट पुढची अनेक वर्षे एकाच कंपनीत वेगवेगळ्या याद्यांवर काम करत राहिले. २०१३ मध्ये यूएस एअरवेज अमेरिकन एअरलाइन्समध्ये विलीन झाली आणि त्यानंतर २०१६ मध्ये लवादामार्फत अखेर एक यादी लागू झाली.

ताफा बदलूनही नोकऱ्या टिकू शकतात का?

टिकू शकतात. अमेरिकेतील अलास्का एअरलाइन्सने २०१६ मध्ये व्हर्जिन अमेरिका विकत घेतली. अलास्काची मुख्य ओळख बोईंग ७३७ ची होती, तर व्हर्जिनची सगळी विमाने ए३२० कुटुंबातील होती. अलास्काने पुन्हा एकाच प्रकारावर येण्याचे ठरवले. पण एअरबस लगेच काढली नाहीत. शेवटची ए३२० जानेवारी २०२३ मध्ये आणि ए३२१ त्याच वर्षी सप्टेंबरअखेर निवृत्त झाली. दरम्यान वैमानिकांची यादी एक झाली होती, नवी ७३७ येत होती आणि एअरबसचे वैमानिक टप्प्याटप्प्याने त्यांवर प्रशिक्षित होत होते.

हे बदलही विनासायास झाले नाहीत. एप्रिल २०२२ मध्ये प्रशिक्षण पूर्ण केलेले वैमानिक नियोजनापेक्षा कमी पडले आणि अलास्काला बरीच उड्डाणे रद्द करावी लागली. विमाने होती, प्रवासी होते, पण त्या विमानासाठी पात्र वैमानिक पुरेसे नव्हते. पुढे २०२४ मध्ये अलास्काने हवाईयन एअरलाइन्स घेतली आणि एअरबस पुन्हा तिच्या ताफ्यात आली. ‘एकच प्रकार’ हे धोरण पुढच्या विलीनीकरणापर्यंतच टिकते, हेही यातून दिसले.

वैमानिकांना सावरण्यासाठी अशा करारांत दोन तरतुदी वापरल्या जातात. पहिली म्हणजे, यादीतील क्रमांक बदलला तरी आज ज्या आसनावर आहात तेथून कोणी तुम्हाला उठवणार नाही. नवा क्रमांक लागू होतो तो पुढे रिकाम्या होणाऱ्या जागांना. दुसरी तरतूद कुंपणाची. ठरावीक वर्षे विशिष्ट विमानांवरील जागा ती विमाने आणणाऱ्या कंपनीच्या वैमानिकांसाठी राखून ठेवल्या जातात. एअर इंडियातील ड्रीमलायनरचा वाद हा अशाच कुंपणाचा प्रश्न होता. तो विमाने येण्याआधी लेखी सुटला असता, तर संपाची वेळ कदाचित आली नसती.

टाटांच्या विलीनीकरणात काय वेगळे आहे?

जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे परत आली, तेव्हा समूहाकडे एकूण चार विमान कंपन्या झाल्या. त्या आता दोन आहेत. एअरएशिया इंडिया म्हणून सुरू झालेली कंपनी १ ऑक्टोबर २०२४ रोजी एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये, तर विस्तारा त्यानंतर सहा आठवड्यांनी एअर इंडियात विलीन झाली.

ताफ्याच्या दृष्टीने ही दोन विलीनीकरणे वेगळी आहेत. विस्ताराकडे ए३२० कुटुंबातील विमाने आणि काही बोईंग ७८७ होती. हे दोन्ही प्रकार एअर इंडियाकडेही असल्यामुळे कोणाला मुळापासून नवे विमान शिकायची गरज नव्हती. एअर इंडिया एक्स्प्रेसकडे मात्र बोईंग ७३७ आणि एअरएशिया इंडियाकडे ए३२० होती. एका कंपनीत दोन प्रकार आले, म्हणजेच वैमानिकांचे दोन गट झाले.

यात एक मोठा दिलासा होता. समूह आक्रसत नव्हता, वाढत होता. एअर इंडियाने २०२३ मध्ये ४७० विमानांची मागणी नोंदवली. त्यांत २५० एअरबस आणि २२० बोईंग होती. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १०० एअरबसची भर पडली. इतकी विमाने येणार असतील, तर कपातीपेक्षा वैमानिक मिळवणे हाच प्रश्न मोठा ठरतो.

तरीही खळखळ झालीच. मार्च आणि एप्रिल २०२४ मध्ये विस्ताराची अनेक उड्डाणे रद्द झाली. विलीनीकरणापूर्वी वेतन समान करण्यासाठी आणलेल्या नव्या करारात हमखास वेतनाचे उड्डाण तास महिन्याला ७० वरून ४० वर आले होते. त्याहून जास्त उड्डाण केले तरच वाढीव पैसे. सहवैमानिकांमध्ये त्याबद्दल तीव्र नाराजी होती. कंपनीला आपली उड्डाणे सुमारे १० टक्क्यांनी कमी करावी लागली. विमाने सारखी असली आणि एकही नोकरी जाणार नसली, तरी वैमानिकाचे उत्पन्न बदलू शकते, हे या प्रसंगाने दाखवले.

मग नोकऱ्या प्रत्यक्ष कधी जातात?

कंपनीच आक्रसली किंवा बंद पडली, तर. किंगफिशर आणि एअर डेक्कन यांचे उदाहरण पाहा. दोघींकडे ए३२० कुटुंबातील विमाने आणि एटीआर होती. ताफ्याच्या दृष्टीने जोडी जुळणारी होती. पण कर्ज आणि तोटा वाढत गेला, कर्मचाऱ्यांचे पगार थकले आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरची उड्डाणे थांबली. ताफा जुळणे हे वैमानिकांसाठी सोयीचे असते, पण ताळेबंद बिघडलेला असेल तर त्या सोयीने नोकरी वाचत नाही.

अशा वेळी कोणाला दुसरी नोकरी लवकर मिळते, हेही विमानावर ठरते. भारतात ए३२० कुटुंबातील विमाने सर्वाधिक आहेत, त्यामुळे तिचे रेटिंग असलेल्या कॅप्टनला मागणी असते. थोड्याच कंपन्यांकडे असलेल्या विमानाचा वैमानिक अधिक अडचणीत येतो. शिवाय भारतात नोकरी सोडायची तर नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाच्या २०१७ च्या नियमानुसार कॅप्टनला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. प्रशिक्षणासाठी कंपनीने बॉन्ड घेतला असेल, तर त्याची रक्कमही भरावी लागू शकते. विलीनीकरणाच्या अटी पटल्या नाहीत म्हणून लगेच बाहेर पडणे त्यामुळे सोपे नसते.

नव्याने या क्षेत्रात येणाऱ्यांनी काय पाहावे?

महाराष्ट्रात गोंदिया आणि बारामती येथे वैमानिक प्रशिक्षण चालते. अमरावतीजवळील बेलोरा विमानतळावर वर्षाला १८० वैमानिक तयार करण्याची क्षमता असलेली संस्था उभारण्याचे एअर इंडियाने २०२४ मध्ये जाहीर केले. यांतून बाहेर पडणारे तरुण यादीच्या तळाशीच प्रवेश करतात. विलीनीकरणाचा चांगला किंवा वाईट परिणाम आधी पोहोचतो तो तिथेच.

म्हणून ‘कोणालाही काढणार नाही’ या घोषणेवर थांबू नये. कोणती विमाने जाणार आणि त्यांच्या जागी येणारी विमाने कधी मिळणार, ज्येष्ठता यादी कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या तारखेपर्यंत एक होणार, दुसऱ्या प्रकारावर जाण्याचे प्रशिक्षण कोणाच्या खर्चाने आणि त्या काळात पगार किती, हमखास उड्डाण तास किती, आणि बेस मुंबईतच राहणार की दुसऱ्या शहरात जाणार, हे प्रश्न विचारावेत. यांची उत्तरे लेखी मिळत असतील, तर ताफा बदलला तरी वैमानिक सावरतो. ती हवेत राहिली, तर काय होते हे एअर इंडियाने ५८ दिवस अनुभवले आहे.